दुसरी किल्ली कोणाकडे?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३९. जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं एकाच गावात. नोकरी बरी आहे, पण वर चढायला आता पायरी उरलेली नाही. मोठ्या शहरातून दीडपट पगाराचं बोलावणं आलंय आणि सहा आठवड्यांत हो की नाही ते कळवायचं आहे. घरात पत्नी, तीही नोकरी करते. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ८ वर्षांची, आई ७१ वर्षांची. "दोन वर्षं हाच विचार डोक्यात घोळतोय. राहिलो तर पुढे पस्तावेन असं वाटतं, गेलो तर इथलं सगळं तुटेल असंही वाटतं. आई तोंडाने जा म्हणते. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

तुमच्या जागी मी कधी नव्हतेच. मी गाव सोडलं तेव्हा २६ वर्षांची होते, एकटी होते आणि सोबत दोन बॅगा होत्या. माझ्या जाण्याची किंमत बहुतेक मीच मोजली. तुमच्या घरात पाच माणसं आहेत, त्यामुळे माझं उदाहरण तुमच्या उपयोगाचं नाही. गाव सोडू पाहणारी, सोडून गेलेली आणि परत आलेली अशी कुटुंबं गेली २१ वर्षं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. त्यांच्याकडून जे शिकले ते सांगते.

तुमच्या पत्रात 'मी' जवळजवळ प्रत्येक वाक्यात आहे. पत्नी एकदा येते, मुलं एकदा, आई शेवटी. हा तुमचा दोष नव्हे. ज्याला बोलावणं येतं त्याच्या मनात आधी तोच असतो. पण 'तिथे आयुष्य चांगलं आहे का' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही ते यामुळेच. चांगलं कोणाचं, हे आधी ठरवावं लागतं. गाव सोडण्याचा फायदा आणि त्याची किंमत एकाच माणसाच्या वाट्याला येते असं फार कमी वेळा घडतं. दोन्ही एकाच वेळी येतात असंही नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मला ज्या ठिकाणी सापडला, तिथे लोकांनी गाव सोडायचं ठरवलंच नव्हतं. आइसलँडच्या दक्षिणेला हेमाएय नावाचं एक बेट आहे. २३ जानेवारी १९७३च्या रात्री तिथे गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली आणि ज्वालामुखी जागा झाला. पाच हजारांवर लोकांना रातोरात होड्यांतून हलवलं. काही महिन्यांनी उद्रेक थांबला तेव्हा सुमारे एकतृतीयांश घरं लाव्हाखाली गेलेली होती, बाकीची उभी होती. ज्यांची घरं वाचली त्यांच्यातले बरेचसे परतले. ज्यांची गेली त्यांच्यातले पुष्कळजण कायमचे दुसरीकडे स्थायिक झाले. कोणाचं घर गाडलं जाईल हे लाव्हाने ठरवलं होतं, माणसाच्या हुशारीने किंवा हिमतीने नव्हे. म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी पुढे कितीतरी वर्षांनी या दोन गटांची तुलना केली. उठून जावं लागलेल्या घरांतली मुलं जास्त शिकली आणि आयुष्यभरात त्यांची कमाईही बरीच जास्त झाली. त्यांच्या आईवडिलांचं मात्र थोडं नुकसानच झालं.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हेमाएय गरीब गाव नव्हतं. मासेमारीवर चालणारं, देशाच्या मानाने चांगली कमाई असलेलं गाव होतं ते. मग मुलांचं भलं कशाने झालं? तिथे मुख्य धंदा एकच होता. ज्याला त्यात गती होती त्याचं तिथे छान चालायचं. ज्याचं डोकं दुसऱ्याच कशात चालायचं त्याला घर शाबूत असताना बाहेर पडण्याचं कारण नव्हतं, आणि गावात त्याच्या डोक्याला काम नव्हतं. म्हणजे गाव वाईट नव्हतं, त्या मुलांचा आणि गावाचा मेळ बसत नव्हता. तुम्ही 'इथे भविष्य नाही' असं लिहिलंय. त्याऐवजी हे विचारून पाहा: मला जे सगळ्यांत चांगलं जमतं, त्याला इथे काम आहे का? पत्नीला जे जमतं त्याला? मुलाला ज्याची ओढ आहे त्याला? तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात, आणि ती तशी येऊ द्यावीत.

आता कागद घ्या. फायदे-तोटे अशा दोन रकान्यांची यादी मी करायला सांगत नाही. तशी यादी लिहिणारा एकटाच असतो आणि त्याचा कल जिकडे असतो तो रकाना लांबतो. त्यापेक्षा कागद आडवा धरा आणि घरातल्या प्रत्येकाची एक ओळ करा. पुढे तीन रकाने: काय मिळेल, काय जाईल, आणि दोन्ही कधी. तिसरा रकाना भरताना लोक थबकतात. पगार पहिल्या महिन्यापासून वाढतो. मुलीला चांगल्या शाळेचा फायदा दहा वर्षांनी दिसतो. आईची संध्याकाळ मात्र सामानाची गाडी निघाल्याच्या दिवशीच रिकामी होते.

प्रत्येकाची ओळ त्याने स्वतः लिहायची. यावर मी हटून बसते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक जोडपं आलं होतं. नवऱ्याने पाचही ओळी घरून भरून आणल्या होत्या, अक्षर सुबक, रेघा पट्टीने आखलेल्या. बायकोच्या ओळीत लिहिलं होतं, 'तिलाही तिथे काम मिळेल.' ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरचं पेन उचललं, 'मिळेल' हा एकच शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'शोधावं लागेल.' पुढे काही बोलली नाही. तिने ११ वर्षं खपून एका संस्थेत जागा मिळवली होती, हाताखाली माणसं होती. तिच्या दृष्टीने हा फरक सगळ्या पगारवाढीपेक्षा मोठा होता आणि नवऱ्याला तो त्या क्षणापर्यंत दिसलाच नव्हता. ते गेले, पण आठ महिन्यांनी गेले. तिला तिथे काम लागल्यावर गेले.

तुमच्या पत्रात पत्नीबद्दल 'तिची हरकत नाही' एवढंच आहे. हरकत नसणं म्हणजे इच्छा असणं नव्हे. तिची ओळ कोरी असेपर्यंत होकार कळवू नका.

मुलांबद्दल. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला. अतिशय गरीब सरकारी वसाहतींत राहणारी ४,६०० च्या आसपास कुटुंबं त्यात होती. त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि बऱ्या वस्तीत भाड्याने राहायला मदत दिली. मोठ्यांच्या कमाईत विशेष फरक पडला नाही, त्यांची तब्येत आणि मनःस्थिती मात्र सुधारली. जी मुलं हलताना १३ वर्षांच्या आतली होती ती विशीच्या मध्यावर आली तेव्हा त्यांची कमाई न हललेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त होती. १३ च्या वरच्या मुलांना तसा लाभ झाला नाही, उलट थोडं नुकसान दिसलं. तुमचं बोलावणं त्या प्रयोगापेक्षा फार वेगळं आहे, तुम्ही गरीब वस्तीतून सुटत नाही आहात, तेव्हा ते आकडे तुमच्या घराला जसेच्या तसे लावू नका. पण माझ्याकडे येणाऱ्या घरांतही मी हेच बघत आले. आठ वर्षांचं मूल नव्या वर्गात पंधरा दिवसांत कोणाचं तरी नाव घरी सांगायला लागतं. चौदा वर्षांच्या मुलाचं सगळं जगच त्याच्या मित्रांत असतं आणि नेमकं तेच तुम्ही काढून घेत असता. त्यातून तो सावरतो, पण तुम्हाला त्याला वेळ द्यावा लागतो, आणि नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षात तुमच्याकडे वेळच नसतो.

म्हणून मुलाला विचारा. निर्णय त्याच्यावर सोडा असं म्हणत नाही, तो भार त्याच्या वयाला पेलणारा नाही. त्याला असं विचारा: आपण गेलो तर कोणत्या महिन्यात जाणं तुला कमी जड जाईल, तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुला काय सुरू करायचंय, आणि इथल्या कोणाला तू सुट्टीत भेटायला येशील? वर्षाच्या मध्येच शाळा बदलू नका, हे तर सांगायलाच नको. तुम्ही आधी जाऊन बाकीच्यांनी शाळेचं वर्ष संपल्यावर यायचं, हा मार्ग पुष्कळ घरं घेतात आणि तो चांगला आहे. फक्त त्याला तारीख हवी. दोन बिऱ्हाडं वर्षभरापलीकडे गेली की घरातली माणसं एकमेकांशिवाय जगायला शिकतात. ते शिकणं पुढे पुसता येत नाही.

आता आई. तिची ओळ सगळ्यांत अवघड, म्हणून लोक तिच्यासमोर एकच शब्द लिहितात: 'नेऊ.' किंवा 'राहील.'

ती 'जा' म्हणते त्यावर शंका घेऊ नका आणि त्यावर विसंबूही नका. बहुतेक आईवडील 'जा' मनापासूनच म्हणतात. आपल्यामुळे मुलाचं पाऊल अडलं हे त्यांना नको असतं. पण त्या 'जा'मध्ये पुढे काय काय अंगावर येणार आहे याचा हिशेब नसतो. म्हणून 'तुला चालेल ना?' हे विचारूच नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. तिच्याबरोबर बसून एक साधी यादी करा: तुझ्या आठवड्यातली कोणती कामं माझ्यामुळे किंवा सुनेमुळे होतात? औषधं आणणं, डॉक्टरकडे नेणं, बँकेतली कामं, वरच्या फळीवरचं काढून देणं, फोन बिघडला की बघणं, रात्री बाहेरचं दार लागलं की नाही ते पाहणं. अशी वीस-पंचवीस कामं निघतात. त्यातली निम्मी पैसे देऊन होतात. काही शेजारी आनंदाने करतील. उरलेली चार-पाच कोणाच्याच अंगाला बसणार नाहीत. खरी चर्चा त्या चार-पाचांवर करायची.

आणि तिला सोबत नेणं म्हणजे तिच्यावर उपकार, असं धरून चालू नका. तुम्ही नोकरी घेऊन जाता, मुलं शाळेत जातात. तिला मात्र तिथे जाण्यासारखी जागा कुठलीच नसते. ७१ व्या वर्षी माणूस आपल्या ओळखीच्या रस्त्यावर, चार आपल्या माणसांच्या हाकेच्या अंतरावर बराच काळ धडधाकट राहतो. तोच माणूस अनोळखी मजल्यावर वर्षभरात खचलेला मी पाहिलाय. उलटही पाहिलंय, म्हणून नियम सांगत नाही. तिला आधी दोन महिने राहायला न्या, पाहुणी म्हणून नव्हे, रोजच्या दिनक्रमात. मग ती काय म्हणते ते ऐका. राहायचं म्हणाली तर तुम्ही निघण्यापूर्वी एवढं पक्कं करा: तासाभरात तिच्यापाशी पोहोचेल असा माणूस कोण, त्याच्याकडे तिच्या डॉक्टरांचा नंबर आणि औषधांची यादी आहे का, आणि तुम्हाला रात्री निघावं लागलं तर त्या प्रवासाचे पैसे बाजूला काढलेले आहेत का. हे पैसे अडीनडीचे म्हणून धरू नका. ते घरभाड्यासारखेच तुमच्या नव्या खर्चात मोजा.

दीडपट पगारावरही थोडंसं. वाढलेल्या आकड्यातून घरभाडं वजा करायला सगळेच विसरत नाहीत. विसरतं ते दुसरंच. आज मुलं शाळेतून आली की घरात आजी असते. गाडी बंद पडली की मित्र येतो. आजारपणात कोणी ना कोणी धावून येतं. हे सगळं तुम्हाला फुकट मिळतंय कारण तुम्ही ३९ वर्षं तिथे आहात. नव्या जागी यातलं बरंचसं विकत घ्यावं लागेल किंवा त्याच्याशिवाय राहावं लागेल. पत्नीचा पगार काही महिने थांबेल तोही धरा. येण्याजाण्यात रोजचे किती तास जातील ते धरा आणि नवा पगार त्या तासांसकट भागून बघा. एवढं करून जे उरेल तीच तुमची खरी वाढ. कधी ती चांगली घसघशीत निघते. कधी काहीच उरत नाही.

पैसा आणि समाधान यांच्यावर एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. टोंगा या पॅसिफिकमधल्या छोट्या देशातून न्यूझीलंडला जायला इच्छुक जास्त आणि जागा थोड्या, म्हणून न्यूझीलंड सोडत काढतं. सोडतीत नाव निघालेले आणि न निघालेले यांची संशोधकांनी तुलना केली. गेलेल्यांचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं. त्यांचं मानसिक आरोग्यही सुधारलं. आणि तरीही 'तुम्ही किती आनंदी आहात' या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर आधीपेक्षा खाली गेलं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. काळजी कमी होणं आणि आनंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाव सोडून गेलेल्या कितीतरी लोकांनी मला हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय: रात्री झोप लागते, पण हसायला कोणी नाही.

हसायला माणूस मिळायला वेळ लागतो, आणि तो किती लागतो याचाही कोणीतरी हिशेब केलाय. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकतीच नव्या गावी राहायला गेलेली माणसं घेतली होती. तोंडओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सोबत घालवलेले सुमारे ५० तास, खरा मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. कामाच्या निमित्ताने शेजारी बसलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. आठवड्याला दोन तास एखाद्याला भेटलात तर जिवलग मित्रासाठी दोन वर्षं लागली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गेल्याबरोबर दर आठवड्याला त्याच त्याच माणसांशी गाठ पडेल असं एक ठिकाण धरा. खेळ, गाणं, वाचनालय, काहीही. आवडलं नाही तरी तीन महिने सोडू नका.

मी स्वतः हे किल्लीवर मोजलं. नव्या शहरातल्या खोलीला कुलूप होतं आणि त्याच्या दोन किल्ल्या. एक पर्समध्ये, दुसरी टेबलाच्या खणात. तिसऱ्या महिन्यात मला ताप आला. संध्याकाळी अंगात उठायचं त्राण नव्हतं, आणि पडल्या पडल्या माझ्या मनात आलं की मी बेशुद्ध पडले तर दार उघडायला कोणाकडे किल्ली नाही. तापापेक्षा त्या विचाराने मी जास्त रडले. गावी आमच्या घराची किल्ली समोरच्या काकूंकडे असायची. ती त्यांच्याकडे कधी दिली, कोणी दिली, कोणालाच आठवत नव्हतं. नव्या ठिकाणी ती दुसरी किल्ली मी १४ महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या एका बाईंना दिली. जिन्यात उभं राहून दिली. त्यांनी काही न विचारता ती आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. त्या दिवसापासून मी फोनवर 'इथे' हा शब्द वेगळ्या आवाजात म्हणू लागले, असं माझी बहीण सांगते.

तुम्हाला याहून कमी वेळ लागावा. पण होकार देण्यापूर्वी विचारा: तिथे आमची दुसरी किल्ली पहिल्या महिन्यात कोणाकडे ठेवता येईल? एक जरी नाव निघालं, दूरचा नातेवाईक असो की जुना वर्गमित्र, तरी पहिलं वर्ष निम्म्याने सोपं होतं. एकही निघालं नाही तर जाऊ नये असं नाही. पण मग पहिल्या वर्षात नोकरीइतकंच महत्त्वाचं काम ते आहे असं समजून चाला.

जाण्याच्या कारणांकडेही एकदा नीट बघा. काही गोष्टी सामानाबरोबर येतात: नवराबायकोतला अबोला, कर्ज, स्वतःवरची नाराजी. गाव बदलल्याने त्या पहिले तीन महिने दिसत नाहीत, कारण सगळेच धावपळीत असतात. काही गोष्टी मात्र खरंच गावातच राहतात: तुमच्या कामाला वाव नसणं, किंवा 'अमक्याचा मुलगा' यापलीकडे कोणी न पाहणं. आणि ज्यांना घरात मारहाण होते किंवा आपण जे आहोत त्यासाठी रोज अपमान गिळावा लागतो, त्यांच्यासाठी वरचा कागद नाही. त्यांनी आधी सुरक्षित जागी निघावं, ओळी आणि रकाने नंतर. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही, पण हे वाचणाऱ्यांत तसं कोणी असेल म्हणून लिहिलं.

सहा आठवड्यांत करता येण्यासारखी सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे राहून बघणं. बांगलादेशात रंगपूरच्या भागात पिकापूर्वीचे काही महिने उपासमारीचे जात. २००८ मध्ये संशोधकांनी तिथल्या काही गरीब कुटुंबांना शहरात कामाला जाण्यासाठी बसच्या जाण्यायेण्याला पुरेल इतकी छोटी रक्कम दिली. एवढ्याशा आधारावर बरीच घरं माणूस पाठवायला तयार झाली, आणि गावी मागे राहिलेल्या त्यांच्या घरच्यांना जास्त खायला मिळालं. पुढच्या वर्षी पैसे मिळाले नाहीत तरी त्यांतले बरेच पुन्हा गेले. ते आळशी नव्हते की त्यांना शहर ठाऊक नव्हतं. एक फेरी फुकट गेली तर घर उपाशी राहील, या भीतीने त्यांचे पाय अडलेले होते. चाचपणीचा खर्च कोणीतरी उचलला आणि आपल्याला तिथे जमतं की नाही हे त्यांना स्वतःलाच कळलं. पुढे तीच योजना फार मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तसं यश आलं नाही, हेही सांगायला हवं. पण एका घरापुरता धडा मला अजून खरा वाटतो: पहिली फेरी स्वस्त करा.

तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा. दोन आठवड्यांची रजा काढा आणि पत्नीसह तिथे राहा. हॉटेलात नको, तुम्हाला परवडेल अशा वस्तीत खोली घ्या. सकाळच्या गर्दीत त्या कार्यालयापर्यंत जाऊन या, सलग पाच दिवस. मुलांची शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहा. संध्याकाळी सात वाजता त्या वस्तीत काय चालतं ते पाहा. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते डोंगराला कमी लेखायला नव्हे, जवळ जाऊन बघा म्हणून. आणि ज्यांनी बोलावलंय त्यांना विचारा: सुरुवात तीन महिने पुढे ढकलता येईल का, पहिले काही महिने अधूनमधून गावाहून काम करता येईल का? न विचारता लोक नकार गृहीत धरतात. मी विचारायला लावलेल्यांपैकी बऱ्याच जणांना निदान थोडी सवलत मिळाली आहे.

गावातलं घर दोन वर्षं विकू नका. भाड्याने द्या, बंद ठेवा, आई असेल तर प्रश्नच नाही. परतीचा रस्ता मोकळा असला की माणूस नव्या जागेकडे शांतपणे बघतो. १८८५ मध्ये अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हनस्टीन यांनी ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले. त्यातला एक असा की माणसांचा प्रत्येक मोठा ओघ उलट दिशेचा एक ओघ निर्माण करतो. परत येणारे तेव्हापासून मोजलेले आहेत. तरीही परतलेला माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा मान खाली घालूनच बोलायला लागतो. हे मला फार लागतं. तुम्ही दोघांनी जाण्यापूर्वीच लिहून ठेवा: दीड वर्षानंतर अमुक तारखेला बसू, आणि तेव्हा अमुक तीन गोष्टी झाल्या नसतील तर परत फिरू. तीन गोष्टी मोजता येण्यासारख्या हव्यात. पत्नीला तिच्या शिक्षणाचं काम, मुलाचे निदान दोन मित्र, महिन्याअखेर शिल्लक, अशा. 'नाही जमलं तर बघू' म्हणणारी घरं पाच वर्षं नुसती बघतच राहतात.

आणि राहायचं ठरलं तर? तर राहा, पण तेही ठरवून. तुमची गेली दोन वर्षं जाण्यात गेली नाहीत आणि राहण्यातही गेली नाहीत. अशा काळात माणूस घराची गळती दुरुस्त करत नाही, नवं शिक्षण घेत नाही, कोणाशी नव्याने मैत्री करत नाही, कारण 'आपण जाणारच आहोत बहुतेक.' स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाने अडून बसलेल्या लोकांना मोठे निर्णय नाणेफेकीने घ्यायला सांगून पाहिलं. नाणं २० हजारांहून जास्त वेळा उडवलं गेलं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा बदल करणारे, न करणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. त्यात पाच माणसांची घरं किती होती हे मला त्यातून काढता येत नाही, म्हणून तुम्हाला नाणं उडवायला सांगणार नाही. पण इतकी वर्षं काठावर बसलेल्याला आणखी विचार करून नवीन काही सापडत नाही, हा माझाही अनुभव आहे. राहायचं असेल तर बोलावणाऱ्यांना स्वच्छ नकार कळवा, आणि त्याच महिन्यात इथल्या नोकरीत कामाचं स्वरूप बदलून मागा किंवा दूर बसून करता येईल असं काम शोधायला लागा. पत्नीला आणि आईलाही सांगा की ठरलं. आईला ते ऐकायची गरज तुमच्याइतकीच असेल.

माझा कल विचारलात तर: तुम्ही जावं, पण सगळ्यांनी एकदम नव्हे आणि सहा आठवड्यांत नव्हे. मुलीचं वय जाण्याच्या बाजूने आहे. मुलाचं वय विरुद्ध आहे, पण महिना नीट निवडला तर निभावेल. तुमच्या कामाला तिथे खरंच वाव दिसतोय. पण पाच ओळींपैकी मला आत्ता एकच ओळ भरलेली दिसते, तुमची. दुसऱ्या ओळींत असं काही निघू शकतं की माझा कल पूर्ण फिरेल. तसं दोनदा झालंय, दोन्ही वेळा आजीच्या ओळीमुळे.

आज रात्री मुलं झोपली की कागद पत्नीसमोर ठेवा आणि तुम्ही खोलीतून बाहेर जा. उद्या आईकडे तोच कागद न्या. तिला लिहायला त्रास होत असेल तर ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवा, तुमचा एकही शब्द न घालता. दोन्ही ओळी भरल्या की मला कळवा. आईची आधी.